मंगल, मी 'बघू' म्हणालो होतो

मंगल, कावळा शिवला नाही. आधी तेच सांगून टाकतो, कारण तू असतीस तर दारातूनच विचारलं असतंस, "कार्यक्रम वेळेवर पार पडला ना?" नाही पडला. तुझ्यामुळेच नाही पडला. मीना नदीच्या घाटावर निम्मी वारूळवाडी आणि कळंबचं तुझं सगळं माहेर तुझ्या दहाव्याला उन्हात ताटकळत उभं होतं. पिंड मांडून झाले होते, पलीकडच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते, आणि एकही जण खाली उतरायला तयार नव्हता. वाटाघाटींना आलेलं शिष्टमंडळच जणू! मला तशातही हसू आलं. आपल्या सईनं माझा दंड दाबला, तेव्हा गप्प झालो.

मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन तुला शब्द द्यायला लागला. दादा हात जोडून म्हणाला, "मंगल, सईची काळजी करू नगंस. तिचा चुलता आजून खंबीर हाय." कावळे ढिम्म. तुझा भाऊ म्हणाला, "ताई, आईला अंतर देणार न्हाई." ढिम्म. सई म्हणाली, "आई, मी शिक्षण अर्धवट सोडणार नाही." त्यावरही काही नाही. मग सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. गुरुजी म्हणाले, "यजमान, तुम्ही बोला. त्यांच्या मनात काही राहिलं असेल."

राहिलं होतंच. काय राहिलं होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं. दवाखान्यात तू माझ्याकडे जे मागितलंस आणि मी दिलं नाही, ते. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित सगळे वेळेवर घरी गेले असते. मी हात जोडले, मान वर केली आणि त्या कावळ्यांकडे बघत मनात म्हणालो, मंगल, रुसायचं तर खुशाल रूस. हा शब्द मिळणार नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

आता नीट बसून सांगतो. ऐकून घे. आयुष्यभर मीच ऐकून घेतलंय.

लग्न होऊन तू आमच्या घरात आलीस तेव्हा तू बी.ए. झालेली, आणि मी द्राक्षाच्या बागेत. तू दिल्लीची परीक्षा द्यायची म्हणालीस तेव्हा घरात पहिली 'हो' म्हणणारी माझी आई. "तिला चुलीपाशी फिरकू दिऊ नका, आभ्यास करू द्या," असा तिचा हुकूम होता. तुझ्या वाटणीच्या भाकरी ती स्वतः थापायची. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या भांडणाचं मूळ पुढे आईपाशीच येणार आहे.

तू परराष्ट्र खात्यात गेलीस आणि मी तुझ्या मागं गेलो. त्यावर नारायणगावच्या स्टँडवर किती चहा संपले असतील देव जाणे! "बायकूच्या पदराला धरून चाललाय इमानात," लोक तोंडावर म्हणायचे. म्हणू देत. ऑक्टोबर छाटणीला मी हटकून बागेत हजर असायचो आणि माल गेला की परत तुझ्याकडे. वकिलातीत मला नावच नव्हतं. 'मॅडमचे मिस्टर', एवढंच. जेवणाच्या टेबलावर मला राजदूतांच्या बायकांच्या रांगेत बसवायचे. बसलो. एका थंड देशात शेजारच्या बाईंना द्राक्षावर डावणीचा रोग कसा पडतो ते मी सूप संपेपर्यंत समजावून सांगितलं. त्या पुढच्या पार्टीत आपणहून माझ्या शेजारी येऊन बसल्या, हे विसरू नकोस.

आणि ती पुरणपोळी! तिथला कुणी मंत्री आपल्या घरी जेवायला आला होता. मी तुपाची वाटी घेऊन वाढायला. तो नको म्हणाला, मी वाढली. तो परत नको म्हणाला, मी आणखी एक वाढली. त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तेव्हा मला वाटलं आता कुठं पाहुणा मोकळा झाला, आता पंगत रंगात आली. मी त्याच्या हाताखालून पोळी सरकवली. बिचाऱ्यानं घाम पुसत खाल्ली. पाहुणे गेल्यावर तू कपाळाला हात लावून बसलीस. "अहो, त्यांच्यात नको म्हणजे नको असतं!"

"आणि तुमच्या खात्यात?" मी विचारलं.

तू हसायला लागलीस. "आमच्या खात्यात कुणी नको म्हणतच नाही. नाही म्हणायचं असेल तर म्हणायचं, बघू."

तो शब्द मी तेव्हापासून जपून ठेवला होता.

आता त्या वाळूच्या देशाचं. त्याचं नाव मी घेत नाही, तेवढं तुझं ऐकतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथं तुझ्याकडे आपल्या कामगारांचं काम होतं. कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलाय, कुणी तुरुंगात पडलाय, कुणाचं प्रेत गावी पाठवायचंय. लोकांना वाटतं डिप्लोमॅट म्हणजे हातात ग्लास आणि तोंडात इंग्रजी. तू दुपारी शवागारातून घरी यायचीस, आंघोळ करायचीस आणि संध्याकाळी सिल्कची साडी नेसून मेजवानीला उभी राहायचीस. मला ते बघवायचं नाही. एकदा विचारलंच, "हे जमतं कसं तुला?" पिना लावता लावता तू म्हणालीस, "ज्यांच्याशी आत्ता हसायचंय ना, त्यांच्या सहीशिवाय दुपारची ती पेटी विमानात चढत नाही." मला तुझं काम त्या दिवशी कळलं. लई मोठं वाटलं.

आणि एका सुट्टीच्या सकाळी ती बाई वकिलातीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आंध्रातली, अगदी तरुण, तिथल्या एका वजनदार माणसाच्या घरी मोलकरीण. पायात चप्पल नाही, हातावर भाजल्याचे डाग. नियमाप्रमाणे पोलिसांना कळवायचं, आणि पोलीस तिला परत त्याच घरात नेऊन सोडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तुझ्या वरिष्ठांनी फोनवर बजावलं की दिल्लीहून मोठी मंडळी यायची आहेत, संबंध बिघडतील, आजच्या आज हे मिटवा. तू म्हणालीस, "बघते, सर." आणि तिला गाडीत घालून सरळ आपल्या घरी घेऊन आलीस.

डिप्लोमॅटच्या घरात त्या देशाच्या पोलिसांना पाऊल टाकता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर मी त्या घराला नुसतं घर समजत होतो. सरकारी हिरवळ उपटून मी तिथं मेथी लावली होती, आणि त्यावरून आपलं निराळं भांडण चालू होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोलीस आले, बरोबर त्या घरचा माणूस. मी बनियनवर, हातात खुरपं. त्यांनी मला माळी समजून मोडक्या हिंदीत फर्मावलं, "साहब को बुलाओ." मी म्हणालो, "साहब मॅडम है. मैं उनका मिस्टर." त्यांना काही उलगडा होईना. आत बाई कोण आहे विचारलं, तर मी ठोकून दिलं, "मेरा बहन है." तेवढ्यात तू बाहेर आलीस. तू काही खोटं बोलली नाहीस. शांतपणे म्हणालीस की माझ्या घरात माझी पाहुणी आहे, आत यायचं असेल तर तुमच्या परराष्ट्र खात्याचा कागद घेऊन या, आणि ऊन फार आहे, चहा बाहेरच पाठवते. आणि खरंच पाठवलास की गं! जे तिला फरफटत न्यायला आले होते, त्यांना मी बनियनवर ट्रेमधून चहा नेऊन दिला. आलं घातलेला. प्याले मुकाट. एकानं आणखी एक कप मागितला. मी म्हणालो, "देखेंगे."

ती महिनाभर आपल्याकडे राहिली. तिला मराठी येईना, आपल्याला तेलुगू येईना. मला 'अन्ना' म्हणायची, मेथी निवडायला बसायची, आणि दाराची बेल वाजली की न्हाणीघरात जाऊन कडी लावून घ्यायची. तू रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत जाऊन हसून येत होतीस. शेवटी तिचा आउटपास झाला, पासपोर्ट नसलेल्या माणसाला घरी जाण्यापुरता मिळतो तो कागद. त्यावर तिथल्या सरकारचा शिक्का मिळवलास आणि तू स्वतः तिला विमानात बसवून आलीस. आठवड्याभरात तुझी बदली झाली. निरोपाचा हार नाही, चहा नाही, काही नाही. आपण खोकी बांधत होतो तेव्हा फोन वाजला. तू ऐकलंस, ठेवलास आणि स्वयंपाकघरात फरशीवरच बसलीस. "पोचली हो ती. आईच्या गावातून बोलत होती," म्हणालीस, आणि रडलीस. बदलीचा हुकूम आला तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

एवढं सगळं. आणि गावात काय पोचलं? हाकलून दिलं! तिकडं कामाला असलेल्या कुणा पाव्हण्यानं फोनवर सांगितलं की मॅडमनं घरात कुणाला तरी लपवलं होतं, भानगड झाली, सरकारनं उचलबांगडी केली. पुढचं ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरून घेतलं. कुणी म्हणे बाई पळवली, कुणी म्हणे आणखी काही. आपण सुट्टीवर आलो तेव्हा लोक तुझ्याशी गोड बोलायचे आणि पाठ फिरली की एकमेकांना डोळे मारायचे. मला ते दिसत होतं. तुला दिसत नव्हतं असं मला सांगू नकोस.

आईनं तुला ओट्यावर शेजारी बसवून सरळ विचारलं, "मंगल, तुझ्या हातनं काय चुकलं व्हतं का गं?"

"नाही, आई."

"मंग सांग की काय झालं. मी काय गावभर करती का?"

"बदली झाली, आई. सरकारी कामाचं घरी बोलायचं नसतं." आणि तू उठून चहा टाकायला गेलीस.

आई काही वर्षांनी गेली. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "मंगलला कधी बोल लावू नगंस. मानूस चुकतंया. पोर गुणाची हाय." तू उशाशी उभी होतीस, तू ऐकलंस. मंगल, आईनं तुला माफ केलं! न केलेल्या गोष्टीची माफी! जिनं तुझ्यासाठी भाकरी थापल्या ती बाई तुला माफ करून गेली आणि तू मान खाली घालून ती माफी घेतलीस. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तू गेलीस म्हणूनही जाणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

त्यावरून आपण किती भांडलो! दिल्लीच्या क्वार्टरमध्ये भांडलो, पुढच्या दोन्ही देशांत भांडलो. मी म्हणायचो, "साऱ्या जगाशी बोलायचा पगार घेतेस आणि घरच्यांशी बोलायला तोंडाला कुलूप?" तू म्हणायचीस, "तुम्हाला माहीत आहे ना? मग पुरे." मला एकट्याला माहीत असून काय चाटायचंय ते? एकदा मी फारच चिडलो, तेव्हा तू खरं कारण सांगितलंस. नोकरीची शपथ वगैरे वरवरचं होतं. तू म्हणालीस, "मी सांगितलं तर मी मोठी होईन. आणि ती? ती चघळायची गोष्ट होईल. त्या घरात तिचं काय झालं, पळून का आली, अंगावर काय होतं, हेच विचारतील. आपल्या लोकांना मी चांगली ओळखते."

मी म्हणालो, "नाही ओळखत तू आपल्या लोकांना."

"पैज?" तू म्हणालीस.

पैज तशीच राहिली. तू बॅगा भरत राहिलीस आणि मी छाटणीला येत-जात राहिलो. मग तुझं दुखणं आलं आणि पुण्याच्या त्या दवाखान्यात तू एवढीशी झालीस. तशात मला जवळ बोलावून म्हणालीस, "दशक्रियेला पुढारी बोलतीलच, त्यांना कोण अडवणार? तुम्ही मात्र बोलायचं नाही. शब्द द्या." तुझा हात हातात होता. सलाइनची पट्टी सुटली होती, ती मी नीट दाबून लावली. म्हणालो, "बघू."

तू माझ्याकडे बघितलंस. मग थोडी हसलीस, की मला तसं वाटलं, कोण जाणे. पण पुन्हा मागितलं नाहीस.

तर आज घाटावर. पुढारी बोलले, तुझा अंदाज कधी चुकला आहे? एकानं तुला तालुक्याचं भूषण केलं. दुसऱ्यानं तुला राजदूत करून टाकलं. तिसऱ्यानं सांगितलं की या माउलीनं अमेरिकेत भारताचा झेंडा फडकवला. अमेरिकेत! तू विमान बदलायलासुद्धा तिथं उतरली नाहीस. आणि त्याच वेळी मागून मला ऐकू आलं, अगदी स्पष्ट, "भूषान म्हनं. तिकडनं हाकलली व्हती, इसरलं वाटतं." माईकवर एक खोटं आणि मागच्या रांगेत दुसरं. माझी बायको या दोन्हींच्या मध्ये कुठंच नव्हती. तेव्हाच माझं ठरलं. म्हणून कावळ्यापुढे तोंड उघडलं नाही.

दर्भाचा कावळा लागला, लोक उठायला लागले. मंडपवाला वायर गुंडाळत होता, त्याच्या हातातून माईक घेतला. दादा म्हणाला, "आरं, आता काय? झालं की समदं." सई मात्र जागची हलली नाही. मी म्हणालो, "मंडळी, खाली बसा. उन्हाचं कळतंय मला, पण बसा." बसली, मंगल. सगळी परत खाली बसली.

मी भाषण केलं नाही, मला येत नाही. जे झालं तेच सांगितलं. बाईचं नाव घेतलं नाही, देशाचं नाव घेतलं नाही. ती फाटकाशी कशी आली, तू 'बघते, सर' कसं म्हणालीस, चहाचा ट्रे, आउटपास, सगळं सांगितलं. बदली का झाली ते सांगितलं. म्हणालो, "माझ्या बायकोला कुणी हाकललं न्हाई. एका पोरीला तिच्या घरी पोचती करायची म्हणून तिनं वरच्यांचं ऐकलं न्हाई, आन पुढं कंदी त्याची बढाई मारली न्हाई. माझी आई हे ठाऊक न होता गेली. तुमी तरी ठाऊक करून घ्या." चहाच्या वेळी लोक हसले, मग हसायचे थांबले. आवाज माझा चढला होता, सई नंतर म्हणाली. चढू दे. तुझ्या खात्यात आवाज चढवत नाहीत, माझ्यात चढवतात.

बोलून झालं आणि मला धडकी भरली. खरं सांगतो. आता कुणीतरी तोंड उघडणार आणि तू म्हणाली होतीस तेच विचारणार, त्या घरात तिचं काय झालं म्हणून. मग मी तुला काय तोंड दाखवणार होतो? बायकांच्या बाजूनं ठकूमावशी काठी टेकत उठली. आपल्या आईची मैत्रीण, दोघी एकत्र खुरपायला जायच्या ती. माईकची तिला गरज नव्हती. तिथूनच ओरडली, "आरं, पर ती पोर घरी पोचली का न्हाई नीट?"

मी म्हणालो, "पोचली, मावशी."

"आईपाशी?"

"आईपाशी."

"मंग बरं झालं बाई," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत खाली बसली. तिच्या आजूबाजूच्या बायका एकमेकींना सांगायला लागल्या, पोचली, पोचली म्हनं, आईपाशी गेली. दुसरं काही कुणी विचारलं नाही. मागच्या रांगेतलासुद्धा नाही. दादा माझ्याजवळ आला. टॉवेलनं तोंड पुसलं आणि उगाच मंडपवाल्यावर खेकसला, "गुंडाळ की रं ती वायर!"

ऐकलंस ना? पहिला प्रश्न तिचा आला. तुझा नाही, भानगडीचा नाही, तिचा. फोन ठेवून तू फरशीवर बसलीस तेव्हा जे म्हणालीस, तेच या बायका घाटावर म्हणत होत्या. तू साऱ्या जगाच्या लोकांना ओळखलंस, आपल्यांनाच ओळखलं नाहीस, बाई. इतकी वर्षं चाललेली पैज आज निकालात निघाली.

आता घरी आलोय. सई आत पडली आहे, ओट्यावर मी एकटा. रुसली असशील तर माझी ना नाही. पण फसवलं म्हणू नकोस. मी 'बघू' म्हणालो होतो, आणि त्याचा अर्थ तूच मला शिकवलास.

जिंकलोय मी, मंगल. बोल की आता काहीतरी. "अहो, पुरे" एवढं तरी म्हण.